सवलत पहिल्याला, जोखीम दुसऱ्याला

विजेवर चालणाऱ्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या, दिसायला कुटुंबाच्या पण पळायला शर्यतीच्या अशा मोठ्या मोटारी गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या देशात विकल्या जाऊ लागल्या. त्यांचे पहिले मालक त्या विकून नवी गाडी घेण्याच्या बेतात आहेत. डिझेलच्या मोठ्या गाड्या ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने, म्हणजे पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातून जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्याच्या गावी, या गाड्याही येणार हे उघड आहे. जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या गावात अशी वापरलेली गाडी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने घ्यावी, नाहीत त्याने घेऊ नये, असे म्हणून तो निकालात काढता येईल. परंतु या एका व्यवहारात सरकारचे कर, बँकांचे व्याज, महावितरणची वीज आणि एसटीची बस ही सारी एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने श्रीमंतांची चैन म्हणून या विषयाकडे पाठ फिरवू नये.

मंठ्यात अशा गाडीचा विचार कोण करील? बडा कारखानदार नव्हे. तो नवी घेईल, आणि बहुधा तो मंठ्यात राहणारही नाही. विचार करील तो कृषी सेवा केंद्र चालविणारा, दोघेही नोकरीत असलेले शिक्षक दांपत्य, गावातला डॉक्टर, किंवा दोन भावांचे एकत्र कुटुंब असलेला बागायतदार. घरात सहा-सात माणसे. गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक परतूर. जालना साठ-पासष्ट किलोमीटरवर आणि छत्रपती संभाजीनगर सव्वाशेच्या आसपास. म्हाताऱ्या माणसाला हृदयाच्या डॉक्टरकडे न्यायचे, मुलीला परीक्षेला सोडायचे, लग्नाला बारा कोसांवर जायचे, तर वेळेवर मिळेल अशी बस नाही आणि भाड्याची गाडी दर खेपेला हजारांच्या नोटा मागते. अशा कुटुंबाची मोठ्या गाडीची इच्छा ही केवळ हौस नाही. सार्वजनिक वाहतुकीने माघार घेतली त्या जागी ती उगवलेली आहे.

चार चाकांच्या ताकदीचेही तसेच आहे. मुंबईच्या सागरी सेतूवरून जाणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. मंठा-परतूर भागातील काळ्या कसदार जमिनीत मात्र आषाढात पाणंद रस्त्यावर दोन चाकांची गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. या मातीची चिकटण ज्याने पाहिली आहे त्याला चारही चाके फिरण्याचे मोल सांगावे लागत नाही. गंमत अशी, की ज्या यंत्रणेची गरज मंठ्याच्या शेतवाटेला आहे ती तयार केली जाते शहरी ग्राहकाच्या शौकासाठी, आणि तिची जाहिरात होते सेकंदांत. जून २०२५ मध्ये टाटांनी हॅरियर या गाडीची विजेवर चालणारी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या चारही चाके फिरविणाऱ्या प्रकाराची आरंभीची किंमत २८ लाख ९९ हजार रुपये होती, आणि ती शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.३ सेकंदांत गाठते हे तिचे भूषण म्हणून सांगितले गेले. त्याआधी २०२२ मध्ये कोरियाच्या किया कंपनीने ईव्ही-६ ही गाडी परदेशातून तयार आणून विकली. तिच्या चारही चाकांच्या प्रकाराची तेव्हाची किंमत होती ६४ लाख ९५ हजार. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. दोन टनांहून अधिक वजनाचा लोखंड-लिथियमचा डोलारा सहा सेकंदांत शंभरीला नेण्याची आवश्यकता जालना-मंठा रस्त्यावर, जेथे वळणावळणावर कापसाची ट्रॉली आणि मेंढ्यांचा कळप भेटतो, कोणाला आहे?

आता या गाडीच्या पहिल्या मालकाला समाजाने काय दिले ते पाहू. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल-डिझेलच्या गाडीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत वस्तू व सेवा कर आणि अधिभार मिळून ५० टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. विजेच्या गाडीवर ५ टक्के. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल मोटारीला १३ टक्के मोटार वाहन कर भरावा लागत असताना राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने विजेच्या गाडीला तो पूर्ण माफ केला. पासष्ट लाखांच्या गाडीवर तेरा टक्के म्हणजे सुमारे साडेआठ लाख रुपये. एका कुटुंबाला, एका गाडीमागे, एका सहीने साडेआठ लाख! मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने तीस लाखांवरील विद्युत मोटारींवर केवळ ६ टक्के कर सुचविला होता. दोन-तीन आठवड्यांत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. यातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि संदेश चुकीचा जाईल, असे कारण देण्यात आले. त्याच अर्थसंकल्पात गॅसवर चालणाऱ्या खाजगी चारचाकीवरील कर एक टक्क्याने वाढविण्याचा प्रस्ताव होता, आणि त्याच वर्षीच्या २५ जानेवारीपासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. त्या वाढीने कोणता संदेश गेला, याची चिंता सभागृहात तितक्या तातडीने झाल्याचे दिसले नाही.

मराठवाड्याला हे नवे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, व्यापारी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत ६५ कोटी. वर्तमानपत्रांनी मागास भागाच्या भरभराटीची खूण म्हणून तिचे कौतुक केले. पी. साईनाथ यांनी त्यामागचा हिशेब उघड केला. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेने या गाड्यांना सुमारे ७ टक्के व्याजाने कर्ज दिले होते, आणि त्याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी १२ टक्के मोजावे लागत होते. दीडशे जणांनी मिळून सौदा केला म्हणून व्याज उतरले, असे समर्थन झाले. पण संघटित सौद्याची ही शक्ती ट्रॅक्टर घेणाऱ्यांना कोणी कधी देऊ केली? आज गाडीचा प्रकार बदलला, तिच्या मागचा धूर गेला आणि तिच्या पाठीवर हरित हा शब्द आला. स्टेट बँकेने २०१९ मध्येच विजेच्या नव्या मोटारीसाठी हरित कर्ज काढून व्याजात ०.२० टक्क्यांची सूट दिली. जुन्या मोटारीच्या कर्जाला मात्र बँका नव्या मोटारीपेक्षा कित्येक टक्के अधिक दर लावतात. गाडी तीच, विजेवर चालणारी तीच, धूर न सोडणारी तीच. परंतु घेणारा बदलला की तिच्या हरितपणाचे मोल बँकेच्या लेखी संपते.

करांचेही असेच आहे. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या पंचावन्नाव्या बैठकीत वापरलेल्या विद्युत मोटारींवरील कर १२ वरून १८ टक्के करण्याची शिफारस झाली. हा कर व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला थेट गाडी विकली तर तो लागत नाही. हे नमूद केले पाहिजे, कारण त्या वेळी बराच गैरसमज पसरला होता. व्यापाऱ्याने दोन लाखांचा नफा ठेवला तर कर छत्तीस हजार. रक्कम डोंगराएवढी नाही. परंतु धोरणाची दिशा पाहावी. नवी मोटार घेणाऱ्याकडून ५ टक्के घ्यायचे कारण विजेच्या गाड्या वाढाव्यात. मग तीच मोटार दुसऱ्याच्या दारी जाताना उत्तेजन का संपावे? त्याहून बोचणारी गोष्ट बॅटरीची. गाडीत बसवून आलेली बॅटरी गाडीसोबत ५ टक्क्यांत येते. तीच बॅटरी बदलण्यासाठी सुटी घेतली तर १८ टक्के. बॅटरी बदलण्याची वेळ पहिल्या मालकावर क्वचित येते. ती येते दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर.

हमीचा कागदही नीट वाचण्यासारखा आहे. महिंद्रांच्या २०२४ च्या अखेरीस आलेल्या विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला आजीवन हमी असल्याचे जाहीर झाले. हे जीवन बॅटरीचे नव्हे, पहिल्या मालकीचे. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढली की हमी ठराविक वर्षांपुरती आणि ठराविक किलोमीटरपुरती आक्रसते. कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. तिने तसे छापलेले आहे. पण बारीक अक्षरांत छापलेले वाचण्याची सवय आणि सवड कोणाला असते, हा वर्गाचा प्रश्न आहे.

जुन्या मोटारींच्या बाजाराचे अर्थशास्त्र जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या एका निबंधात मांडले. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता आणि पुढे २००१ मध्ये त्याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचे सार कोणत्याही बैलबाजारातल्या माणसाला पटेल असे आहे. विकणाऱ्याला जनावराची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मालाच्या धन्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खोडकर माल उरतो. सरासरी आणखी घसरते. शेवटी प्रामाणिक विकणारा आणि गरजू घेणारा असे दोघेही नागवले जातात. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की हा निबंध केवळ अमेरिकन मोटारींवर थांबत नाही. अकरलॉफ यांनी साठच्या दशकात भारतात काही काळ काढला होता, आणि गावातील सावकाराचे व्याज शहरातील बँकेच्या व्याजाच्या कितीतरी पट का असते, याचे उत्तरही त्यांनी याच सूत्राने दिले. कोणता ऋणको बुडवील हे गावात राहणाऱ्या सावकाराला कळते, बाहेरच्याला कळत नाही. आणि या कळण्याचे तो पुरेपूर भाडे वसूल करतो.

विजेच्या मोटारीने अकरलॉफ यांचा सिद्धान्त अधिकच खरा केला आहे. डिझेल गाडीची खोड मंठ्यातला फिटर आवाजावरून, धुरावरून, तेलाच्या रंगावरून ओळखतो. ही पिढ्यांची विद्या आहे, आणि तिच्या जोरावर खेड्यातला माणूस शहरी व्यापाऱ्याशी बरोबरीने घासाघीस करू शकत होता. विजेच्या गाडीला आवाज नाही, धूर नाही आणि पाहण्यासारखे तेलही नाही. गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक जिच्यात आहे ती बॅटरी तळाशी सीलबंद असते. तिची मूळ क्षमता किती उरली हे गाडीच्या संगणकाला माहीत असते, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काढता येते. गिऱ्हाइकाला मिळते ते पडद्यावरचे उरलेल्या किलोमीटरांचे आशादायक अनुमान. तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी रोज भर उन्हात जलद चार्जरवर पूर्ण भरली गेली असेल, तर साठ हजार किलोमीटर चाललेल्या पण घरी सावकाश भरलेल्या गाडीपेक्षा ती वाईट असू शकते. किलोमीटरचा आकडा पाहून भाव करण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. फिटरची विद्या निरुपयोगी झाली, आणि तिच्या जागी जे ज्ञान आले ते कंपनीच्या कुलपात आहे.

याचा अर्थ या गाड्या कुचकामी आहेत असा नव्हे. भीतीचा व्यापारही पुष्कळ चालतो. साधा हिशेब मांडावा. मोठी डिझेल गाडी किलोमीटरला सहा-सात रुपयांचे इंधन खाते. विजेची मोठी गाडी घरच्या विजेवर दोन-सव्वादोन रुपयांत भागवते. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे साठ-पासष्ट हजार रुपये वाचतात. हॅरियरच्या या प्रकाराचा कंपनीचा चाचणीतला पल्ला ६२२ किलोमीटर असला तरी रस्त्यावर साडेचारशेच्या जवळपास धरावा. पाच वर्षांत क्षमता पंधरा टक्के घटली तर तो ३८० वर येईल, आणि पंधरा टक्के राखीव ठेवले तरी सव्वातीनशे उरतील. मंठ्याहून संभाजीनगरला जाऊन परत येण्यास ते पुरेसे आहेत. वर्षाला सात-आठ हजारच फिरणाऱ्याने मात्र या फंदात पडू नये. इंधनातली बचत त्याला जादा व्याजही फेडू देणार नाही. प्रश्न चांगल्या बॅटरीचा नाहीच. समोरची बॅटरी चांगली आहे की नाही, हे कळण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे की नाही, हा आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. पहिल्या मालकाला मिळालेली करमाफी अखेर कमी किमतीच्या रूपाने दुसऱ्याकडे झिरपत नाही काय? पहिल्याने पासष्ट लाख मोजले, तीन-चार वर्षांत गाडीची किंमत घसरली, तोटा त्याचा झाला. दुसऱ्याला स्वस्तात मिळाली. अर्थशास्त्रदृष्ट्या हे अंशतः खरे आहे. अमेरिकेत हर्ट्झ या भाड्याच्या मोटारींच्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा घसाऱ्याचा मोठा फटका तिलाच बसला. परंतु हर्ट्झला तो वीस हजार गाड्यांवर वाटून घेता आला. शहरातला पहिला मालक तो आपल्या धंद्याच्या हिशेबात घसारा म्हणून दाखवू शकतो. मंठ्यातल्या शिक्षक दांपत्याकडे गाडी एकच आणि आयुष्याची शिल्लकही एकच. शंभरातल्या दहा बॅटऱ्या बिघडतात असे मानले, तर शंभर गाड्या घेणाऱ्यासाठी ती दहा टक्क्यांची घट असते. एकच घेणाऱ्यासाठी ती सोडत असते. सोडतीचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून त्याला सवलत म्हणता येत नाही.

आणि स्वस्त म्हणजे किती स्वस्त? वीस लाखांची जुनी गाडी सोयाबीनमध्ये मोजली, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये या हमीभावाने तिची किंमत ३७५ क्विंटल होते. एकरी आठ क्विंटल धरले तर सत्तेचाळीस एकरांचे एका हंगामाचे सारे पीक, तेही बी-खत-मजुरी वजा न करता, आणि तेही बाजारात हमीभाव मिळाला तर! सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील सोयाबीनचे काय झाले, ते निराळे सांगायला नको. केवळ शेतीवर जगणारे कुटुंब या बाजारात गिऱ्हाईक म्हणूनही उभे राहू शकत नाही. ते या गोष्टीत येते ते दुसऱ्या दाराने, म्हणजे विजेच्या तारेवरून.

घरी बसविण्याचा नेहमीचा ७.२ किलोवॅटचा चार्जर चालू झाला म्हणजे पाच अश्वशक्तीच्या जवळपास दोन मोटारी एकाच वेळी चालू झाल्यासारखे आहे. पंचाहत्तर युनिटांची रिकामी बॅटरी त्यावर भरायला दहा-अकरा तास लागतात. साध्या प्लगवर पूर्ण दिवस-रात्र. गावठाणाच्या डीपीवर अशी एक गाडी आली तर काही बिघडत नाही. चार आल्या, आणि त्याही संध्याकाळी सातला एकदम जोडल्या गेल्या, तर? डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत आठवडा जातो, हा अनुभव कोणत्याही शेतकऱ्याला आहे. कृषिपंपाला दिवसा वीज द्यावी म्हणून ज्या भागात मोर्चे निघतात, रात्रीच्या पाळीत पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावतो, त्या भागात रात्रीच्या विजेवर कोणाचा किती हक्क, हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. आणि ती वीजही मुख्यतः कोळशाचीच. शहरातला धूर परळीच्या धुराड्यातून निघाला, एवढाच बदल होऊ नये, यासाठी सौरवाहिन्यांची गती गाड्यांच्या गतीपेक्षा अधिक असावी लागेल. तशी ती व्हावी म्हणून सहा सेकंदांची जाहिरात कोणी करीत नाही.

ही पंचाहत्तर युनिटे गाडीत घातली तर दोन-तीन माणसांचे कुटुंब चारशे किलोमीटर फिरून येते. तीच विजेच्या बसमध्ये घातली, तर चाळीसहून अधिक माणसे मंठ्याहून जालन्याला पोहोचतात. एका माणसाच्या किलोमीटरमागे हिशेब केला तर बस दुपटीहून अधिक किफायतशीर ठरते. खाजगी गाडीत एकटाच माणूस असेल, तर सहा-सात पट. परंतु विजेच्या बसचे काय झाले? एसटी महामंडळाने ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार २०२३ मध्ये केला. पहिल्या काही बस फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्याहून समारंभपूर्वक सुटल्या. मे २०२५ पर्यंत ठरल्या संख्येतील अगदी थोड्या बस मिळाल्या होत्या, म्हणून परिवहन मंत्र्यांना करार रद्द करण्याचे आदेश द्यावे लागले. केंद्राच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १४,०२८ विजेच्या बससाठी ४,३९१ कोटी रुपये ठेवले गेले, परंतु ते चाळीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरांसाठी. मुंबई, पुणे त्यात आहेत. जालना, परतूर, मंठा कोठून असणार? राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना व बसना पथकर माफ केला. डिझेलवर धावणारी एसटी या माफीच्या बाहेर राहिली. समृद्धीवरून एकटा माणूस दोन टनांची विजेची गाडी फुकट नेतो, आणि त्याच रस्त्याने जाणारी लाल गाडी पथकर भरते, ही व्यवस्था पर्यावरणाच्या नावाने उभी आहे.

विजेची मोटार नको असे म्हणणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. यंत्राला विरोध हा आपला वारसा नव्हे. मुद्दा एवढाच, की सार्वजनिक पैसा कोणत्या मालकापाशी थांबावा. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात वापरलेली विजेची मोटार घेणाऱ्याला चार हजार डॉलरपर्यंतची करसवलत दिली होती. अटी अशा, की गाडी पंचवीस हजार डॉलरच्या आतली असावी आणि एकट्या घेणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न पंचाहत्तर हजार डॉलरच्या आत असावे. सप्टेंबर २०२५ अखेर तेथील नव्या राजवटीने ती बंद केली, हा भाग वेगळा. फ्रान्सने २०२४ च्या आरंभी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना महिन्याला शंभर युरोंच्या आसपास विजेची गाडी भाड्याने देण्याची योजना काढली. सुमारे पन्नास हजार मागण्यांनी ती दीड महिन्यात भरून गेली. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून मोटारीच्या प्रत्येक बॅटरीला पारपत्र सक्तीचे केले आहे. बॅटरी कोठे बनली, कशाची बनली आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद त्यात राहील. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत; ते बॅटरी मेल्यानंतरची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. जिवंत बॅटरीची प्रकृती सांगण्याची जबाबदारी कोणावर आहे?

मागणी येथून सुरू व्हावी. वाहन दुसऱ्याच्या नावावर करताना २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतात. विजेच्या वाहनासाठी त्यांच्या सोबत बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा दाखला सक्तीचा करता येईल. त्यासाठी नवे खाते लागत नाही. जालन्याच्या परिवहन कार्यालयात आज जी फाईल तयार होते तिच्यात एक कागद वाढेल, आणि कंपनीच्या कुलपातले ज्ञान त्या कागदावर उतरेल. हमी गाडीसोबत चालावी, मालकासोबत नव्हे, असा नियम केंद्राने करावा. सुट्या बॅटरीवरील कर ५ टक्क्यांवर आणावा आणि त्याची भरपाई तीस लाखांवरील नव्या मोटारींवर तो मागे घेतलेला सहा टक्के कर परत लावून करावी. पासष्ट लाखांच्या एका गाडीमागे राज्याला तीन लाख नव्वद हजार मिळतील. एक कर केंद्राचा, दुसरा राज्याचा, हे खरे. परंतु कर परिषदेत दोघेही बसतात.

तोवर ज्या कुटुंबाला गाडी घ्यायचीच आहे त्याने निदान सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा आणि तो देण्यास नकार देणाऱ्याशी सौदा करू नये. हमी नव्या नावावर किती उरते ते कंपनीकडून लिहून घ्यावे. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी. आधीच्या मालकाच्या मोबाइलमधील गाडीचे खाते बंद झाले की नाही, हेही पाहावे. नाहीतर गाडी दारात उभी असते आणि तिचा ठावठिकाणा दुसऱ्याच्या हातात. शेतवाटेसाठी घेत असल्यास तळाच्या बॅटरीच्या कवचावर दगडाची ठेच आहे का, हे उजेडात वाकून बघावे. सेकंदांच्या आकड्याला एक रुपयाही देऊ नये.

मंठ्याच्या पक्षकार्यकर्त्यांना यातून एक छोटे काम लगेच हाती घेता येण्यासारखे आहे. शेगावहून लोणार, मंठा, परतूरमार्गे पंढरपूरकडे जाणारा रस्ता आणि जालना-जिंतूर रस्ता या गावाला भेटतात. येथे चार्जिंगची जागा आज ना उद्या होणार. ती एखाद्या ढाब्यावर खाजगी कंपनीची व्हावी की बसस्थानकाच्या आवारात एसटीच्या मालकीची, हे अजून ठरायचे आहे. बसस्थानकात झाली, तर रात्री मुक्कामी बस भरता येईल आणि दिवसा खाजगी गाड्यांकडून दर घेऊन तिकिटाचा भार थोडा हलका करता येईल. त्यासाठी स्वतंत्र उच्चदाब जोडणी लागेल, म्हणजे गावठाणाच्या डीपीवर ताण येणार नाही. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाकडे आणि एसटीच्या जालना विभाग नियंत्रकांकडे एकाच मजकुराचे निवेदन द्यावे, आणि त्यावर गाडी घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाची सही घ्यावी, तशीच रोज सकाळी जालन्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलींचीही.